भूकंपाची आठ कारणे

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमिनीला हादरे बसू लागले. डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी आणि तिच्या आसपासची गावे हे या हादऱ्यांचे मुख्य क्षेत्र. धक्के बहुतेक लहान होते. पण ते एकामागून एक, दिवसा आणि रात्री, कित्येकदा स्फोटासारख्या आवाजासह येत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के जाणवले. त्यांतील सर्वांत मोठा रिश्टर मापनावर ४.१ इतका होता. घाबरून पळताना पडल्याने त्या दिवशी एका लहान मुलीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात भिंत कोसळून आणखी एक बळी गेला. लोक घर सोडून तंबूंत झोपू लागले. पुढील काही वर्षे धक्क्यांची ही मालिका कमी-अधिक प्रमाणात चालूच राहिली.

अशा गावातल्या शाळेत शिक्षकासमोर दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न : जमीन हलते कशी? दुसरा प्रश्न : आमच्याच गावात का? आमचे काय चुकले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात सापडते. दुसरा प्रश्न पुस्तकात नसतो, पण मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात तोच आधी उठतो. हे दोन प्रश्न माणसाने इतिहासात कसे हाताळले, केव्हा एकत्र केले आणि केव्हा वेगळे केले, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे. त्यासाठी सुरुवात एका प्राचीन बौद्ध ग्रंथापासून करू.

बौद्ध ग्रंथच का, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण याच किनाऱ्याच्या इतिहासात आहे. पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर एकेकाळी बौद्ध धर्माचे मोठे केंद्र होते. तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली सापडला. डहाणूचे नावही बौद्ध लेण्यांत कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील या लेखात त्याने ज्या नद्यांवर प्रवाशांसाठी मोफत नावा ठेवल्या त्यांची नावे दिली आहेत : इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. यांतील दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. पुण्य मिळावे म्हणून दान करायचे ही श्रद्धा, आणि तिचे फळ म्हणून वाटसरू नदी पार करतो हा रोजचा अनुभव. दोन्ही गोष्टी एकाच लेखात शेजारी शेजारी आहेत. त्यांतली एक तपासता येते, दुसरी येत नाही. हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

वैशालीतला प्रश्न

पाली भाषेतील दीघनिकाय या ग्रंथात महापरिनिब्बान सुत्त नावाचे सोळावे सुत्त आहे. त्यात बुद्धाच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन येते. वैशालीजवळ चापाल चैत्यापाशी बुद्ध आपल्या आयुष्याचा शेवट जवळ आल्याचे ठरवतो आणि त्याच वेळी मोठा भूकंप होतो. शिष्य आनंद विचारतो की एवढा भूकंप होण्याचे कारण काय. उत्तरादाखल बुद्ध भूकंपाची आठ कारणे सांगतो.

पहिले कारण असे : पृथ्वी पाण्यावर टेकलेली आहे, पाणी वाऱ्यावर आणि वारा आकाशात. मोठे वारे वाहू लागले की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. दुसरे कारण : ध्यानाने मोठी शक्ती मिळवलेला एखादा श्रमण, ब्राह्मण किंवा देव पृथ्वीला हादरवू शकतो. उरलेली सहा कारणे बोधिसत्त्वाच्या आणि बुद्धाच्या जीवनातील प्रसंग आहेत : बोधिसत्त्वाचा मातेच्या उदरात प्रवेश, जन्म, ज्ञानप्राप्ती, पहिले धर्मप्रवर्तन, आयुष्याचा त्याग करण्याचा निर्णय आणि परिनिर्वाण.

यादी नीट पाहिली तर दिसते की आपले दोन्ही प्रश्न तीत आहेत. पहिले कारण 'जमीन कशी हलते' याचे उत्तर आहे. त्यात देव नाही, पाप नाही, पुण्य नाही. वारा, पाणी आणि जमीन एवढेच आहे. शेवटची सहा कारणे 'या हादऱ्याचा अर्थ काय' याची उत्तरे आहेत. थोर माणसाच्या जीवनातील मोठा क्षण साऱ्या सृष्टीला जाणवला पाहिजे, ही भक्ताची भावना त्यांत आहे. यादी करणाऱ्याला दोन्हींत विरोध वाटला नाही.

अशा यादीकडे आज दोन टोकांच्या नजरांनी पाहिले जाते. कोणी म्हणतो, हे सारे थोतांड आहे. कोणी म्हणतो, पहिले कारण पाहा, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच बौद्धांना भूकंपशास्त्र ठाऊक होते. आम्हांला दोन्ही मते घाईची वाटतात. दुसरे मत जास्त फसवे आहे, कारण ते विज्ञानाचा गौरव करत असल्यासारखे दिसते.

चूक ठरू शकणारे उत्तर

पृथ्वी पाण्यावर तरंगते आणि पाणी हलले की भूकंप होतो, ही कल्पना ग्रीसमधील थेलीस या विचारवंताच्या नावावरही सांगितली जाते. ॲरिस्टॉटलने भूकंपाचे कारण पृथ्वीच्या पोटात कोंडलेला वारा हे मानले. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात आधीच्या आचार्यांची मते नोंदवली. कोणी म्हणे समुद्रातील प्रचंड प्राणी हलल्याने भूकंप होतो, कोणी म्हणे पृथ्वीचा भार वाहून थकलेले दिग्गज सुस्कारा टाकतात म्हणून, कोणी म्हणे वारे एकमेकांवर आदळतात म्हणून, आणि कोणी म्हणे अदृष्टामुळे, म्हणजे प्रजेच्या पापपुण्याच्या संचितामुळे. शेषनागाने डोके हलवले की धरणी हलते, ही गोष्ट तर महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते.

यांतील वाऱ्याची आणि पाण्याची उत्तरे आज चुकीची ठरली आहेत. पृथ्वी पाण्यावर तरंगत नाही. तिच्या घन कवचाखाली हजारो किलोमीटर खोलीपर्यंत मुख्यतः खडकच आहे. पण चूक ठरणे हाच या उत्तरांचा गुण आहे, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. 'वाऱ्याने पाणी हलते आणि पाण्याने जमीन' असे म्हटले की पुढचे प्रश्न विचारता येतात. मग वादळ झाले की भूकंप व्हायला हवा. तसा होतो का? खूप खोल खणले तर सगळीकडे पाणीच लागायला हवे, लागते का? हे उत्तर पडताळता येते, म्हणून ते मागे टाकता येते आणि त्याच्या जागी अधिक चांगले उत्तर आणता येते. थोर पुरुषाच्या निर्वाणाने पृथ्वी हादरते, हे विधान मात्र कोणत्याही निरीक्षणाने खोटे पडत नाही. म्हणून ते सुधारतही नाही. ते काव्य म्हणून, श्रद्धेची भाषा म्हणून टिकते. जमिनीविषयीची माहिती म्हणून त्याचा उपयोग होत नाही.

लिस्बन : दोन उत्तरांची टक्कर

दोन्ही प्रकारची उत्तरे एकमेकांसमोर उभी राहिल्याचा प्रसिद्ध प्रसंग युरोपातला आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गर्दी होती. भूकंपामागून आग लागली आणि समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या. हजारो लोक मेले. हा देवाचा कोप आहे, आता घरे बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त करा, असे मालाग्रिडा नावाच्या धर्मगुरूने १७५६ साली पुस्तिका काढून सांगितले. राज्यकारभार पाहणाऱ्या मंत्र्याने त्याला शहराबाहेर पाठवले. हाच मंत्री पुढे मार्किस ऑफ पोंबाल या नावाने ओळखला गेला.

पोंबालच्या कारकिर्दीत देशभरातील चर्चच्या पाद्र्यांकडे एक प्रश्नावली पाठवली गेली. भूकंप किती वाजता झाला, किती वेळ टिकला, धक्का कोणत्या दिशेने जास्त जाणवला, किती घरे पडली, किती माणसे गेली, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. गावोगावच्या पाद्र्यांनी उत्तरे लिहून पाठवली आणि आजही भूकंपशास्त्रज्ञ ती वापरतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तरे पाठवणारे धर्मगुरूच होते. त्यांनी आपली श्रद्धा सोडली नव्हती; फक्त त्यांना विचारलेला प्रश्न बदलला होता. 'हे का भोगावे लागले' याऐवजी 'काय, कधी, किती' असे विचारल्यावर श्रद्धावान माणूसही उत्तम निरीक्षक ठरला.

बिहार : योग्य हेतू, चुकीचे कारण

भारतात हा वाद दोन थोर माणसांत झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्या काळात महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणासाठी दौरा करत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांना याचे दुःख झाले. त्यांनी जाहीर उत्तर लिहिले आणि गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात आपल्या खुलाशासह छापले.

अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. टागोरांचा आक्षेप तर्काला होता. नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत. भूकंपाला नैतिक कारण चिकटवले तर ते कोणीही आपल्या सोयीने चिकटवील. अस्पृश्यता पाळणारे सनातनीही म्हणतील की गांधींच्या चळवळीमुळेच देव कोपला. आणि त्या ढिगाऱ्यांखाली अनेक गरीब व निरपराध माणसे सापडली होती.

टागोरांचा हा मुद्दा वर्गात जरूर सांगावा. शिक्षेची कल्पना एकदा मान्य केली की पुढचा प्रश्न येतो : गुन्हेगार कोण? आणि त्याचे उत्तर बहुधा ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर जाऊन थांबते. गावात रोगराई आली, गुरे मेली की एखाद्या एकट्या बाईला भुताळी ठरवण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. असल्या प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून 'आमचे काय चुकले' या प्रश्नाला चुकीचे उत्तर मिळणे ही नुसती अज्ञानाची गोष्ट राहत नाही. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

अशोकाच्या नवव्या शिलालेखाची येथे आठवण होते. आजारपण, लग्न, बाळाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात; त्यांचे फळ थोडे असते, असे त्याने त्यात म्हटले आहे. खरे मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, प्राण्यांविषयी संयम राखणे, असे तो सांगतो. अशोकाला परलोकातील पुण्याचीही आशा होती, हे विसरता कामा नये. तरीही विधीकडून वागणुकीकडे वळण्याचा हा सल्ला आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता.

पटणे आणि पडताळणे

महाराष्ट्रात बौद्ध विचाराची नव्याने मांडणी झाली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशात जाऊन पालीचा अभ्यास केला, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकवली आणि 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. बुद्धचरित्रातील चमत्कार कोठे आणि कसे मागाहून आले असावेत, याचा शोध त्यांनी ग्रंथ ताडून पाहून घेतला. बुद्धाविषयी त्यांना अपार आदर होता, आणि तो आदर त्यांच्या चिकित्सेच्या आड आला नाही. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ झाले आणि त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने करून संख्याशास्त्राच्या मदतीने इतिहासाचे प्रश्न सोडवू पाहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. बुद्धाच्या नावावर सांगितलेले कोणते वचन खरे मानावे, याची एक कसोटी त्यांनी दिली : जे बुद्धीला आणि तर्काला धरून असेल ते बुद्धाचे मानण्यास हरकत नाही.

ही कसोटी आपण आठ कारणांच्या यादीला लावू. उरलेली सात कारणे गळतात आणि वारा-पाण्याचे पहिले कारण तेवढे उरते. पण आपण आताच पाहिले की तेही चूक आहे. याचा अर्थ कसोटी निरुपयोगी आहे असा नाही. बुद्धवचन कोणते, हे ठरवण्यासाठी ती दिली होती. जमिनीत काय चालते ते ठरवण्यासाठी नव्हे. तर्काला धरून असणे ही पहिली पायरी झाली. उत्तर निसर्गाशी ताडून पाहणे ही दुसरी पायरी असते, आणि विज्ञान या दुसऱ्या पायरीवर उभे आहे. चौदावे दलाई लामा यांनी विज्ञानावरील आपल्या २००५ सालच्या पुस्तकात हे मोकळेपणाने मान्य केले. बौद्ध परंपरेतील एखादी गोष्ट विज्ञानाने निर्णायकपणे खोटी ठरवली तर ती सोडली पाहिजे, असे ते म्हणतात. मेरू पर्वताभोवती रचलेले विश्वाचे जुने चित्र त्यांनी स्वतः बाजूला ठेवले आहे.

धुंदलवाडीच्या जमिनीखाली

आता पहिल्या प्रश्नाचे आजचे उत्तर पाहू. खडकांवर ताण साठत जातो, तो सोसवेनासा झाला की खडक भेगेवरून सरकतात आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या अभ्यासातून हे चित्र स्पष्ट झाले. भूकंपाच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पी लहरी कवचाच्या खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात, एस लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने. म्हणून यंत्रावर आधी पी येते, मग एस. दोहोंमधील सेकंदांना साधारण ८ ने गुणले की केंद्राचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीन ठिकाणची अशी अंतरे घेऊन नकाशावर तीन वर्तुळे काढली की ती जेथे एकमेकांना छेदतात, त्या परिसरात केंद्र असते. डहाणू-तलासरीत २०१९ साली राष्ट्रीय संस्थांनी भूकंपमापक बसवले ते याचसाठी.

या यंत्रांनी हजारो लहान धक्के टिपले. एक मोठा धक्का आणि त्यामागून लहान, असा नेहमीचा क्रम येथे नव्हता. अशा मालिकेला भूकंपांचा थवा म्हणतात. जमिनीखालच्या भेगांत पाण्यासारख्या द्रवाची हालचाल झाली की भेगांमधील दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेले खडक सरकतात, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे. त्यात पावसाच्या पाण्याचा वाटा किती, हेही तपासले गेले आहे. भूकंपाच्या कारणात पाणी पुन्हा आले म्हणून कोणी प्राचीन ग्रंथ खरा ठरला असे म्हणू नये. तेथे पृथ्वी पाण्यावर होती. येथे पाणी खडकांच्या भेगांत आहे, आणि ते किती खोल, केव्हा, कोणत्या दिशेने सरकते ते मोजून दाखवावे लागते. मोजणी जुळली नाही तर हे स्पष्टीकरणही बदलेल.

विज्ञानाच्या वेशात येणाऱ्या समजुतींपासूनही सावध राहावे. 'लहान धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते, आता मोठा भूकंप होणार नाही' असे सांगितले जाते. रिश्टर मापनावर दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे हजारपट फरक. ६ च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजार भूकंप लागतील. उलट, 'अमुक तारखेला मोठा धक्का येणार' असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत कोणाकडेही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे काय?

'आमच्याच गावात का' या प्रश्नाला विज्ञान उत्तर देत नाही, असे म्हणून हात झटकणे योग्य नाही. हा प्रश्न थोडा फिरवून विचारला तर त्याचा मोठा भाग तपासता येतो. 'आमच्याच घराची भिंत का पडली?' असे विचारू या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील फार मोठ्या संख्येचा जीव दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी घेतला. डहाणू-तलासरीतील वारल्यांचे जुने कुडाचे घर, म्हणजे कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेल्या भिंतींचे घर, हलके आणि लवचीक असते. ते हलते, पण सहसा माणसाला चिरडत नाही. खांब-तुळयांचा नीट आधार नसलेली विटांची भिंत पक्की दिसते आणि हादऱ्याने कोसळते. कोणाचे घर पडेल हे माणसाच्या पापावर ठरत नाही. ते बांधणीवर ठरते, आणि बांधणी बऱ्याच वेळा हातात किती पैसा आहे यावर.

दुःखाला कारण असते, कारण दूर केले तर दुःख दूर होते, हा बुद्धाच्या शिकवणीचा गाभा आहे. तलासरी तालुक्यातील झरी गावी मे १९४५ मध्ये जमलेल्या वारल्यांनी वेठबिगार करायची नाही असे ठरवले, तेव्हा त्यांनीही आपल्या दुःखाला नशीब न म्हणता त्याचे कारण ओळखले होते. धरतरीला नमस्कार करणाऱ्या मुलाला तो नमस्कार सोडायला सांगण्याचे कारण नाही. ती आईसारखी आहे ही भावना एका जागी राहू शकते. तिच्या पोटातले खडक कसे सरकतात हे दुसऱ्या जागी शिकायचे असते. आणि तिच्या कोपासाठी कोणा माणसाला दोषी धरायचे नाही, हे दोन्ही जागी सांगायचे असते.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. पोंबालच्या प्रश्नावलीसारखी आठ प्रश्नांची प्रश्नावली मुलांनी स्वतः तयार करावी. ती घेऊन आपल्या पाड्यातील दहा घरांत जावे. धक्का कोणत्या वेळी जाणवला, आवाज आधी आला की मागून, भांडी पडली का, भिंत कशाची आहे, तडा कोठून कोठे गेला, हे लिहून आणावे. भूकंप का होतो असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, तेही विचारावे आणि आदराने लिहून घ्यावे. मग फळ्यावर दोन रकाने करावेत. जे आपण पडताळू शकतो ते एकात, जे पडताळू शकत नाही ते दुसऱ्यात. कोणती नोंद कोणत्या रकान्यात जावी, यावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा.